साठ सेंटिमीटर

प्रांताच्या कचेरीतला माणूस दहा वाजता येणार होता, आणि नऊपासून देलियाच्या हॉटेलात उजळणी चालली होती.

"बर्फ किती होता?" सरपंचांनी विचारलं.

"साठ सेंटिमीटर," उर्बानो म्हणाला.

"अरे, वर बघून सांग ना!" देलिया करवादली. "लग्नात हो म्हणतानासुद्धा असाच जमिनीकडे बघत होतास का?"

"तेव्हा खरं बोलत होतो."

कोणी हसलं नाही.

वनखात्यातून निवृत्त झालेला उर्बानो एकतीस वर्षं रोज सकाळी आठला चर्चमागच्या खुणांच्या काठीपाशी जाऊन बर्फ मोजत आला होता. आकडा वहीत लिहायचा आणि फोनवरून प्रांताला कळवायचा. तोच आकडा स्कीच्या लिफ्टवाल्यांच्या जाहिरातीत जाई, आणि तो पाहून रोमच्या शाळा सहली ठरवत. एकतीस वर्षांत त्याने बोटभराचीही लबाडी केली नव्हती.

पण यंदा अर्धा जानेवारी सरला तरी काठीच्या बुडाशी गवतच होतं. हॉटेलं ओस पडली. लिफ्टच्या खुर्च्या तारेवर नुसत्या लोंबकळत होत्या. उर्बानोची मुलगी लविनिया स्की विकायची, भाड्यानेही द्यायची. तिचा नवा माल खोक्यांतून बाहेरही निघाला नव्हता. लिफ्ट बंद पडली तर दुकान मोडून लेकीला घेऊन दूर बोल्झानो शहरात राहायला जाणार, हे तिने बापाला तोंडावर सांगितलं होतं. नात गेली तर सकाळी उठायचं तरी कशासाठी, हे उर्बानोला कळत नव्हतं. म्हणून देलियाने "साठ लिही" म्हटल्यावर त्याने मुकाट्याने साठ लिहिलं.

दोन आठवडे माणसं आली. यंत्राने उडवलेल्या बर्फाचा चिंचोळा पट्टा बघून त्यांनी शिव्या घातल्या, पण खोल्यांचे पैसे आधीच भरलेले होते. मग बोभाटा झाला आणि तेही येणं थांबलं. उर्बानो मात्र मार्चअखेरपर्यंत साठ, अठ्ठावन्न, पंचावन्न लिहीत राहिला. एकदम शून्यावर यायचं कसं?

आता एप्रिलात प्रांताचं पत्र आलं होतं: 'या हिवाळ्यातल्या बर्फाच्या नोंदींची पडताळणी.' बाकी अक्षर नाही. खोटी नोंद सापडली की लिफ्टचा परवाना जाणार, याबद्दल रोक्कास्पेरा गावात कोणालाच शंका नव्हती.

दहाच्या ठोक्याला आलेल्या साहेबांचं नाव फाब्रित्सी. चाळिशीचा किडकिडीत माणूस. त्यांनी देलियाची मसुराची आमटी संपवली आणि उर्बानोची वही उघडली.

"कशासाठी आलात, ते कळेल का?" सरपंचांनी हळूच विचारलं.

"आधी सांगायची परवानगी नाही. सांगितलं की लोक सोयीचं बोलतात." त्यांनी पानं उलटली. "काका, जानेवारीच्या मध्यापासून एकही दिवस पन्नासच्या खाली नाही?"

"नाही."

"पलीकडच्या दरीत डिसेंबरपासून चिखल होता."

"आमचा उतार उत्तरेकडचा, साहेब. इथं टिकतो."

"काठी जुनी आहे. खचली असेल, वाचताना चूक झाली असेल. तसं असेल तर सांगा. मी तसं लिहून घेतो, तुम्हाला कोणी बोल लावणार नाही."

किती गोड बोलत होता! उर्बानोने वनखात्यात लाकूडचोर पकडले होते. कबुली हवी असली की तोही असाच मऊ बोलायचा. त्याने ताकास तूर लागू दिली नाही.

"काठी पक्की आहे."

साहेब देलियाकडे वळले. "धंद्याचं काय? मंदी असेलच ना?"

"मंदी? अहो, मला स्वतःला निजायला खोली उरली नव्हती!"

मग ते सगळे लविनियाच्या दुकानात गेले.

"स्कीच्या जोड्या किती खपल्या, बाई?"

"गेल्या वर्षीपेक्षा पाचवा हिस्सा जास्त," लविनिया म्हणाली.

"आणि मागे ही छतापर्यंत खोकी?"

"पुढच्या हिवाळ्याचा माल. आताच उतरवलाय."

साहेब बराच वेळ त्या खोक्यांकडे बघत राहिले. मग एका स्टुलावर बसले आणि कपाळ चोळू लागले.

"काका, मी याच उतारावर स्की शिकलो. लहानपणी वडील आणायचे. म्हणून शेवटचं विचारतो. वहीतली चूक आज दुरुस्त करता येते. उद्या नाही. काही बदलायचंय?"

उर्बानोला क्षणभर वाटलं, सांगून टाकावं. या माणसाच्या डोळ्यांत फसवणूक दिसत नव्हती. एकतीस वर्षांच्या खऱ्या आकड्यांची शपथ घ्यावी आणि या अडीच महिन्यांचं पाप ओकून मोकळं व्हावं. पण समोर लविनिया उभी होती. तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते.

"काही बदलायचं नाही."

"मग इथं सही करा. नोंदी खऱ्या आहेत, शपथेवर."

उर्बानोने सही केली. सरपंचांनी केली, देलियाने केली, लविनियानेही केली. मग तिने बापाच्या खांद्यावर हात ठेवला. कित्येक महिन्यांत तिने असा हात ठेवला नव्हता. उर्बानोला भरून आलं. जिंकलो, असं त्याला वाटलं.

साहेबांनी सहीचा कागद घडी करून ठेवला आणि बॅगेतून दुसरा काढला. अकरा गावांची यादी होती. वरचा मथळा उर्बानोने चष्मा सारखा करून वाचला: 'बर्फाअभावी धंदा बुडालेल्या गावांतील लिफ्ट आणि दुकानांना पाच वर्षांची संपूर्ण मदत.'

"नशीबवान आहात," साहेब थकल्या आवाजात म्हणाले, आणि यादीतल्या सर्वांत वरच्या नावावर, रोक्कास्पेरावर, त्यांनी रेघ ओढली.