मादी ओळखायची खूण

रिकामा पिंजरा क्लॅरी डनफीने विमानतळाच्या मालखिडकीवर असा आदळला की आत बसलेली मेरिन उठून उभीच राहिली. दुपारचं विमान उतरलं होतं, उतारू आपापल्या घरी गेले होते. क्लॅरीचा पक्षी आला नव्हता.

“तुमच्या लोकांनी माझं पाखरू ब्रिस्बेनच्या गोदामात कोंडून ठेवलंय,” तो म्हणाला. “का, तर गरम पेटी नाही म्हणून. आणि ती पेटीही म्हणे मीच विकत घ्यायची.”

मेरिनने त्याचा फोन मागून घेतला. बाहेर लाँगरीचचा भर उन्हाळ्यातला जानेवारी भट्टीसारखा पेटला होता, आणि फोनवर गरम पेटीची मागणी. विकणाऱ्याचं नाव ब्रेट. माल म्हणजे लाल शेपटीच्या काळ्या काकाकुव्याची मादी. पक्ष्याची किंमत त्याला केव्हाच पोचली होती. आता पेटीचे पैसे तेवढे पाठवले की उद्याच्या विमानाने पक्षी हजर, असं त्याने लिहिलं होतं. क्लॅरीला फोनवरचं शेवटचं बटण सापडत नव्हतं, ते मेरिनने दाबून द्यावं एवढंच त्याचं म्हणणं होतं.

“ब्रिस्बेनलाही माणसं घामाने निथळतायत, क्लॅरी,” ती म्हणाली. “पाखराला गरम पेटीत घालून त्याची भाजी करायची आहे का?”

“तू बटण दाब.”

“नाही दाबणार. तुम्ही ते पाखरू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय तरी का? निदान फोनवर, हलतंबोलतं?”

क्लॅरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाखरंवाल्यांची एक रीत होती. आधी पैसे जायचे, मग आगगाडीने खोक्यातून पक्षी यायचा, आणि मधल्या दिवसांत कोणी कोणाला काही विचारत नसे. ‘पक्षी दाखव’ म्हणणं म्हणजे समोरच्याला तोंडावर चोर म्हणणं. असा अपमान त्याने जन्मात कोणाचा केला नव्हता, आणि ही कालची पोर त्याला तो करायला सांगत होती. शिवाय घरी त्याचा नर वाट बघत होता. जोडीदारीण मेल्यापासून तो स्वतःच्याच छातीची पिसं उपटत होता. छाती उघडी पडून आता रक्त यायला लागलं होतं. नवी मादी आली नाही तर हा काही जगत नाही, हे क्लॅरीला ठाऊक होतं. तो मेरिनला नाही नाही ते बोलला.

तिने ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, मंगळवारी बार्काल्डीनहून एक नर्सबाई आली होती, अशीच रिकामा पिंजरा घेऊन. अशीच मादी, अशीच गरम पेटी. तिने पेटीचे पैसेही भरले होते. इथेच या बाकावर बसून रडली.

“मी तिला विचारलं, बाई, तुम्ही विश्वास तरी कसा ठेवलात? तर तिने मला त्या विकणाऱ्याचं लिहिणं वाचून दाखवलं. मादीच्या डोक्यावर पिवळे ठिपके असतात, बाभळीखाली झोपून उठल्यासारखी दिसते ती. म्हणाली, पाखराकडे इतकं मायेने बघणारा माणूस चोर कसा असेल?”



ते बाभळीचं वाक्य क्लॅरीचं स्वतःचं होतं. ब्रेटने पहिल्यांदा फोटो पाठवला तो नराचा होता. डोक्यावर एक ठिपका नाही, शेपटी नुसती लालभडक. कुठलाही पाखरंवाला लांबून ओळखेल. क्लॅरीला वाटलं, पोरगा नवखा आहे, तोंडघशी पाडू नये. म्हणून रात्र जागून त्याने नर कसा, मादी कशी, पिल्लू कसं, सगळं त्याला समजावून लिहिलं. सकाळी मादीचा फोटो आला, चुकीबद्दल माफीही आली, आणि पोरगा शिकला म्हणून क्लॅरी दिवसभर खूश होता. पुढे महिनाभर तो त्याला शिकवतच राहिला. चोराच्या हाती घराच्या किल्ल्या द्याव्यात तसा.

त्याला स्वतःचे पैसे आठवलेही नाहीत. ती अनोळखी नर्स त्याच्या शब्दांवर विश्वास ठेवून लुबाडली गेली होती.  ब्रेट समोर असता तर त्याने या वयातही त्याचं नरडं धरलं असतं.

तेवढ्यात फोन वाजला. ब्रेटचाच निरोप. पेटीचे पैसे निघाले का, आणि हो, एक विचारायचं होतं, तू जाणकार माणूस. मादीचं वय कशावरून ओळखतात?

मेरिन म्हणाली, उत्तर देऊ नका, सरळ पोलिसांत जा. क्लॅरी म्हणाला, जाणारच आहे. पण फोन त्याने खिशात ठेवला नाही. पाखराबद्दल तो आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत त्याने लिहिलं: म्हातारपणी मादीचे ठिपके निळे पडतात. गिऱ्हाइकाला हे आवर्जून सांगावं, त्याचा विश्वास बसतो.

उत्तर लगेच आलं. धन्यवाद मित्रा, तुझ्याकडून रोज काहीतरी नवं शिकायला मिळतं.

क्लॅरीने ते मेरिनला दाखवलं आणि खिडकीच्या काचेवर लावायला एक पुठ्ठा मागितला. तिने पुठ्ठा काढला, जाड पेन घेतलं, आणि काय लिहू म्हणून विचारलं.

“निळ्या ठिपक्यांचा काकाकुवा या जगात नाही,” क्लॅरी म्हणाला. “एवढंच लिही. मोठ्या अक्षरांत. आणि खाली माझं नाव घाल.”