चौथा प्रश्न

तक्त्यात एकच चौकोन रिकामा राहिला होता. डॉक्टर सुप्रभा धारपनं टेबलावरच्या बशा बाजूला सारल्या, पट्टी ठेवली आणि पुसट झालेली रेघ पुन्हा ओढली. डॉक्टरांवरचे कोर्टातले दावे हाताळणाऱ्या त्यांच्या विमा सोसायटीची निवडणूक होती. मतपत्रिका आज साडेपाचच्या टपालानं गेल्याच पाहिजेत, आणि ग्लासगोपासून वॉटफर्डपर्यंतचे चाळीसेक मराठी डॉक्टर तिच्या तक्त्यासाठी अडून बसले होते. इकडे मँचेस्टरच्या घरात सकाळपासून फोन नुसता घणघणत होता. "वहिनी, मत कुणाला टाकायचं ते एकदाचं सांगून टाका ना!"

दावे समितीच्या अध्यक्षपदाला तीन उमेदवार होते. तिनं तिघांनाही पत्रं घालून तेच चार प्रश्न विचारले होते आणि आलेली उत्तरं तक्त्यात भरली होती. वर्षाचा हप्ता, वकिलाची निवड, निवृत्तांची सवलत, हे तीन आपले सगळ्यांसाठी. चौथा तिचा स्वतःचा होता. डॉक्टरवर दावा लागला, तर त्याला न विचारता सोसायटी परस्पर पैसे देऊन तो मिटवणार का?

चार वर्षांपूर्वी तिचं अगदी हेच झालं होतं. तापानं फणफणलेल्या एका मुलीला तिनं घरी जाऊन तपासलं होतं आणि आईला बजावून सांगितलं होतं, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल गाठ. आईनं गाठलं दोन दिवसांनी. मुलीचे कान गेले आणि सुप्रभावर दावा आला. ती कोर्टात उभं राहायला एका पायावर तयार होती. त्या भेटीची नोंद तिच्या हातची, फाइलमध्ये होती. पण एके सकाळी सोसायटीचं पत्र आलं, दावा मिटवला आहे. मिटवला म्हणजे काय, चूक कबूल! गावातल्या पेपरानं फोटोसकट नाव छापलं. मग पेशंट रिसेप्शनवर हळूच विचारायला लागले, दुसऱ्या डॉक्टर धारपांची वेळ मिळेल का? दुसरे म्हणजे तिचा नवरा, शशिधर. बावीस वर्षांची पुण्याई मातीत गेली. तेव्हापासून सुप्रभाला एकच गोष्ट हवी होती. सोसायटीनं तोंडानं म्हणावं, की बाई, तुला विचारायला हवं होतं. पण तिच्या प्रत्येक पत्राला 'दावा नियमानुसार मिटवला' एवढंच छापील उत्तर यायचं.

ग्लासगोच्या डॉक्टर केर या स्कॉटिश बाईंनी एका ओळीत उत्तर दिलं होतं. डॉक्टरच्या सहीशिवाय एकही दावा मिटणार नाही. लंडनचे डॉक्टर श्रीनिवास म्हणजे आपला माणूस, गणपतीत आरतीला पुढे असणारा. त्यांनी दोन पानं भरून लिहिलं होतं आणि ताकास तूर लागू दिली नव्हती. "आपला माणूस म्हणून मत द्यायचं असेल, तर तक्ता कशाला हवा? नावं वाचली की झालं!" असं सकाळीच तिनं एकाला फोनवर झापलं होतं. तिसरे व्हिटलॉक, सध्याचे अध्यक्ष. तिचा दावा ह्यांच्याच कारकिर्दीत मिटला होता. त्यांचं उत्तर तेवढं यायचं होतं. त्यांच्या चौकोनात 'विचारत नाहीत' असं लिहायला तिचे हात शिवशिवत होते, पण उत्तर हाती आल्याशिवाय ती लिहिणार नव्हती.

ते दुपारच्या टपालात आलं. शशिधर दोघांच्या दवाखान्यातून जेवायला आला होता, भात कालवत होता. सुप्रभानं पाकीट फाडलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"'विचारल्याशिवाय आम्ही एकही दावा मिटवत नाही. आपल्या बाबतीतही विचारलं होतं. त्या वेळच्या नोंदीची प्रत सोबत जोडली आहे.' ऐकलंत का हो? धडधडीत खोटं बोलतोय मेला!"

शशिधरचा हात ताटातच थांबला.

सुप्रभानं मागचा कागद पुढे घेतला. तो काही तिनं मोठ्यानं वाचला नाही. 'डॉ. शशिधर धारप यांच्याशी फोनवर बोलणं झालं. दावा मिटवायला दोघांचीही संमती असल्याचं त्यांनी सांगितलं. पत्नीला वेगळा फोन करून त्रास देऊ नये, अशी त्यांची विनंती आहे.' खाली तारीख होती, वेळ होती, सकाळचे साडेदहा. त्या वेळी ती दवाखान्यात असायची, त्याच्या शेजारच्याच खोलीत.

"दोघांची?" तिनं विचारलं.

"कोर्टात तुझे धिंडवडे निघाले असते, सुप्रभा," शशिधर ताटाकडे बघत म्हणाला. "दोन वर्षं चाललं असतं ते. प्रॅक्टिस बसली असती आपली. मी तुला त्यातून वाचवलं."

"मी त्या बाईला हॉस्पिटलला जा म्हणून सांगितलं होतं. ते तुम्हाला खरं वाटलं होतं ना?"

शशिधरनं पेला उचलला आणि सगळं पाणी पिऊन संपवलं. पेला खाली ठेवून तो पुन्हा भात कालवायला लागला.

सुप्रभाला रडू आलं नाही, किळस आली. चार वर्षं हा माणूस तिनं सोसायटीला लिहिलेल्या प्रत्येक पत्रावर तिकीट लावत होता. रात्री जेवताना तिच्या बरोबरीनं व्हिटलॉकला शिव्या घालत होता. आणि आपण मूर्खासारख्या ह्याच्याच जिवावर साऱ्या जगाशी भांडत सुटलो होतो!

तिनं पेन उचललं. व्हिटलॉकच्या चौकोनात नीट अक्षरात लिहिलं, 'विचारतात'. काही झालं तरी तक्त्यात खोटं लिहायचं नव्हतं.

फोन वाजला. वॉटफर्डचे डॉक्टर विष्णू होते. "वहिनी, टपालाची वेळ होत आली हो! ठरलं का? कुणाला 'हो' म्हणायचं आपण?"

"थांबा, ह्यांना देते," सुप्रभा म्हणाली आणि रिसीव्हर शशिधरच्या ताटाशी नेऊन धरला. "आमच्याकडे माझा होकार हेच देतात."