लोवेलचं मत

मार्लिसला मतपत्रिकेवर लोवेलचा गोल सापडेना.

खरं तर सापडायला हवा होता. मोठ्या पक्षाचं नाव वरच छापलेलं होतं, त्यापुढचा गोल शाईने भरला की काम झालं. पण नजर सवयीने खाली, छोट्या पक्षाकडे घसरत होती, आणि ती तिला ओढून वर आणत होती. शेजारी बर्फ हटवायचा ट्रक उभा होता. विस्कॉन्सिनमधल्या या गावात मतदान ट्रकच्या शेडमध्येच व्हायचं. लोकशाहीला इथे डिझेलचा वास यायचा.

लोवेल तिचा थोरला भाऊ. राहायला मॅसॅच्युसेट्समध्ये, जिथे मोठ्या पक्षाने दगड उभा केला तरी निवडून येतो. इथे मात्र मूठभर मतांनी राज्य इकडचं तिकडे होतं. मार्लिसचा जीव झाडं-नद्या वाचवायला निघालेल्या छोट्या पक्षात, लोवेलचा मोठ्या पक्षात. म्हणून बहीणभावांनी अदलाबदल ठरवली होती. तिचं मत त्याने तिथे टाकायचं, जिथे ते कुणाला पाडणार नाही. त्याचं मत तिने इथे टाकायचं, जिथे ते कामी येईल.

दर निवडणुकीच्या संध्याकाळी त्याचा फोन यायचा.

"टाकलंस ना?"

"टाकलं. तू?"

"टाकलं बाई, तुझ्या त्या झाडपाल्याला."

एका वर्षी मोठ्या पक्षाच्या हातचं हे राज्य थोडक्यात गेलं. जितक्या मतांनी गेलं, त्याहून जास्त माणसं गावात शुक्रवारी तळलेल्या माशासाठी रांगेत असतात. त्या रात्री लोवेल म्हणाला, "आपण आपलं काम केलं, मार्लिस. तू शांत झोप." तेव्हापासून ते वाक्य तिच्या घरी राहायला आलं. ती जिना चढू लागली की मागून चढायचं.

यंदा ऑगस्टमध्ये लोवेल गेला. आणि आज सकाळी फोन आला तो वहिनीचा, कोरीनचा.

"एक सांगू? तुझ्या पक्षाला मत देऊन आला की साबण लावून हात धुवायचा. मी म्हणायचे, अरे, तिला कुठे कळणार आहे, टाक की तुला हवं तिथे. तर माझ्यावरच डाफरायचा. म्हणायचा, ती तिकडे माझ्यासाठी मन मारतेय."

मार्लिसने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"या वेळी तू तुझ्या मनाचं टाक," कोरीन म्हणाली. "इतकी वर्षं त्याचं टाकलंस. आता सुटलीस."

"काय गं, पेपर अवघड आलाय का?" शेडमधल्या टेबलामागून व्हर्नाने विचारलं. ती शेजारीण, दर निवडणुकीला मतपत्रिका तीच वाटायची.

"अभ्यास नवीन आहे," मार्लिस म्हणाली.

तिने वरचा गोल भरला. शाई काठाबाहेर जाऊ दिली नाही. तिचं स्वतःचं मत आज देशात कुठेच पडणार नव्हतं. यंत्राने कागद ओढून घेतला.

टाकलंस ना? ट्रकच्या बाजूने नेहमीचा आवाज आला.

"टाकलं," ती म्हणाली.

व्हर्नाला वाटलं, आपल्याशीच बोलली. तिने मतदानाचा स्टिकर पुढे केला.

लोवेलला इतकी वर्षं ती हेच उत्तर देत आली होती. खरं मात्र आज पहिल्यांदाच दिलं.