शेवंताची नर्स

साल एकोणऐंशी. नाशिकच्या एका नर्सिंग शाळेत मुलींचा शपथविधी होता. बाकीच्या मुलींच्या आया आल्या होत्या. शेवंताबरोबर मात्र हरसूलहून शेजारची बयाबाई आली होती. ना सख्खी, ना नात्यातली. 'या कोण?' असं कुणी विचारलं तर पोरगी काय सांगेल, या विचाराने ती उभ्या जागी आकसून गेली होती.

मॅडमनी विचारलंच.

शेवंता म्हणाली, "ही बयामावशी. माझी नर्स."

"अरे वा. कुठल्या दवाखान्यात होतात?"

बयाबाई कानकोंडी झाली. "नाय हो बाई. मला तर वाचताबी येत नाय."

"मॅडम, तुम्हीच शिकवलंत ना," शेवंता म्हणाली. "इंग्रजीत आधी नर्स म्हणायचे ते दुसरीच्या लेकराला अंगावर पाजणाऱ्या बाईला. आजाऱ्यांची सेवा करणारीला ते नाव मागाहून मिळालं. माझी आई मला जन्म देऊन गेली. मला हिनं पाजलं."

मॅडम उठल्या आणि त्यांनी आपली खुर्ची पुढे केली. बयाबाई काही बसली नाही. तिने शेवंताच्या गालावरून हात फिरवला.

"बाई, तवा माझं तान्हं नुकतंच गेलं होतं. दूध दाटून अंगात ताप भरलेला. जगावंसंच वाटत नव्हतं. कुणीतरी हिला आणून माझ्या पदरात टाकली आन् मी उठून बसले," ती हळूच म्हणाली. "नर्स तर ही हाय. तवापासूनच."