पहिला नंबर

"हाडांच्या कॅन्सरचं दुखणं मी स्वतः सोसलंय, आजी," डॉ. ऋता कामत म्हणाल्या. "इतकं ओरडण्यासारखं त्यात काही नसतं."

यमुनाबाई कॉटवर गुडघे पोटाशी घेऊन पडल्या होत्या. उशाशी उभ्या असलेल्या त्यांच्या लेकीला, शालनला, एकदम आशा वाटली. "मग तुम्ही कशानं बऱ्या झालात, मॅडम?"

"मला काही झालं नव्हतं हो. हल्ली जगातल्या सगळ्या मेडिकल कॉलेजांत असंच शिकवतात. डोक्यावर टोपी चढवतात आणि पेशंटच्या वेदना जशाच्या तशा मेंदूत सोडतात. एकेका आजाराच्या. डॉक्टरांना पेशंटबद्दल कणव वाटावी म्हणून." त्या जराशा हसल्या. "त्या विषयात माझा पहिला नंबर आला होता. मी एकदाही ओरडले नाही."

"म्हणजे तुम्हाला कळतंय सगळं," शालन घाईघाईनं म्हणाली. "मग आईला दुखणं थांबायचं इंजेक्शन द्या ना. सकाळपासून तळमळतेय."

"गरज नाही. माणसाला एवढं सहन होतं. मला माहितेय."

यमुनाबाईंनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. "बाई, ती टोपी काढायचे कधी?"

"तास संपला की," डॉक्टर म्हणाल्या आणि पुढच्या कॉटकडे वळल्या.

यमुनाबाईंनी लेकीचा हात घट्ट धरला.

"शालन, माझा तास कधी संपतो, तेवढं विचार गं त्यांना."