हुद्दा सोडून

माईक शेजारच्या खुर्चीपर्यंत येऊन ठेपला, तरी निमदेवसाहेबांजवळ स्वतःबद्दल सांगण्यासारखं एकही वाक्य तयार नव्हतं.

दिल्लीत, द्वारकेतल्या मराठी मंडळाचा तिळगुळाचा कार्यक्रम सोसायटीच्या हिरवळीवर, कोवळ्या उन्हात चालला होता. ओळख करून देण्याचा भाग एरवी सुरळीत पार पडे. माणूस उभा राहायचा, नाव सांगायचा, मंत्रालय सांगायचा, पे-लेव्हल सांगायचा आणि बसायचा. कुणाला साहेब म्हणायचं आणि कुणाला नुसत्या नमस्कारावर भागवायचं, हे ऐकणाऱ्यांना कळायचं. यंदा सूत्रसंचालन कादंबरीकडे गेलं होतं. ती तिशीतली, खासगी नोकरीतली, त्यामुळे निर्भय. तिनं नियम काढला : हुद्दा, पगार, फ्लॅट आणि मुलांचं पॅकेज सोडून स्वतःबद्दल एक गोष्ट सांगायची. चुकलात, की ताट वाजणार.

ताट सारखं वाजत होतं.

"मी अगदी साधा माणूस," शेजारचे शामराव म्हणाले, "आमचा अनुराग सिएटलला..."

ठण्ण.

माईक निमदेवसाहेबांच्या हातात आला. ते उठले. कोटाचं बटण लावलं.

"मी सूर्यकांत निमदेव. संचालक..."

ठण्ण.

"निवृत्त," त्यांनी दुरुस्ती केली.

ठण्ण.

"लेव्हल तेरा," हे त्यांनी केवळ खुलासा म्हणून सांगितलं. कादंबरीनं ताट जरा जास्तच वेळ वाजवलं. हशा झाला.

"काका, ऑफिस सोडून सांगा ना!"

"ऑफिस सोडूनच सांगतोय. ते सुटलं त्याला झाली की चार वर्षं."

पुन्हा हशा. निमदेवसाहेब आठवू लागले. निरोप समारंभात त्यांना कर्तव्यदक्ष म्हटलं होतं खरं. पण त्या भाषणाचा मसुदा मंजुरीसाठी त्यांच्याकडेच आला होता, आणि तो शब्द त्यांनीच घातला होता. बायको, अलका, असती तर तिला विचारता आलं असतं. तिनं काहीतरी सांगितलंच असतं, बहुतेक न विचारताही.

"मी लिफ्ट धरून ठेवतो," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे, खाली लिफ्टमध्ये शिरलो आणि गेटकडून कुणी येताना दिसलं, की दारात पाय ठेवून थांबतो. कधी कधी अगदी लांबून येत असतात. तरी थांबतो. माझा चौथा मजला. तेवढंच बोलणं होतं."

शेवटचं वाक्य त्यांना माईकवर म्हणायचं नव्हतं. पण कादंबरीचा चमचा वरच राहिला. ताट वाजलं नाही. निमदेवसाहेबांना वाटलं, जमलं.

"अय्या, ते तुम्ही होय!" मागच्या रांगेतून स्वरूपा ओरडली. ती त्यांच्याच इमारतीत, नवव्या मजल्यावर राहायची. "आम्ही वर बटण दाबून दाबून मरतो, यार!"

"वर्षभर ग्रुपवर लिहितोय मी, नीचे लिफ्ट कौन रोकता है," तिचा नवरा चिन्मय म्हणाला. "मेकॅनिक येऊन गेला. तो म्हणे, सर, सेन्सर बिल्कुल ठीक है."

दिवसातला सगळ्यात मोठा हशा तो. शामरावांनी डोळे पुसले. निमदेवसाहेबही हसले, किंचित उशिरा.

"सॉरी हं. मला आपलं वाटलं होतं..."

काय वाटलं होतं ते कुणी विचारलं नाही. माईक पुढे गेला.

तिळगूळ वाटताना स्वरूपा त्यांच्यापाशी आली. हातावर लाडू ठेवून म्हणाली, "काका, रागावला नाहीत ना? बोलताना मला भानच राहत नाही."

"छे, छे. तक्रार रास्तच आहे तुमची," निमदेवसाहेब म्हणाले. फाईलवर शेरा मारावा तसं.

सगळे पांगले. चिन्मय खुर्च्या रचायला थांबला. स्वरूपा रिकामा डबा घेऊन पुढे निघाली, मागोमाग जरा अंतरावर निमदेवसाहेब. इमारतीच्या पायऱ्यांवर तिनं मागे वळून पाहिलं. ते लगेच बुटाची नाडी बांधायला वाकले. नाडी बांधलेलीच होती. ती आत गेल्यावर त्यांनी मुद्दाम थोडा वेळ जाऊ दिला, आणि बाजूच्या दारानं जिन्यात शिरले. गुडघा कुरकुरला, त्याचं ऐकून घेण्याचा प्रश्न नव्हता.

पहिल्या मजल्यावर दम घ्यायला थांबले, तेव्हा खालून लिफ्टमधल्या रेकॉर्डचा आवाज आला, "कृपया दरवाज़ा बंद करें."

थोड्या वेळानं पुन्हा, "कृपया दरवाज़ा बंद करें."

वरून कुणीतरी दार बडवलं. "अरे भाई, लिफ्ट छोड़ो!"

सवयीनं निमदेवसाहेबांच्या तोंडून सॉरी निघालं. मग ध्यानात आलं, आपण जिन्यात आहोत. या वेळी गुन्हा दुसऱ्याचा होता. त्यांना बरं वाटलं.

"रुको ना!" खालून बाईचा आवाज घुमत वर आला. "एक अंकल आ रहे हैं!"

निमदेवसाहेब क्षणभर कठड्याला धरून उभे राहिले. या इमारतीत अंकल मजल्यामजल्यावर होते. त्यातल्या कुणाची तरी कुणी वाट पाहत होतं. उगाच मध्ये नको म्हणून ते पावलांचा आवाज न करता पुढच्या पायऱ्या चढू लागले.

"कृपया दरवाज़ा बंद करें," खालून येतच राहिलं.