उघडा नळ

मे महिना. माहूरच्या जंगलातलं अस्वल. लातूरच्या स्वयंपाकघरातली घागर. नऊ जणांच्या ओठांवर बोटं.

वाटाड्यानं सगळ्यांना तीन तास चालवलं होतं ते या अस्वलासाठीच. आता ते समोरच टेंभुर्णीखाली पाठमोरं बसून टेंभरं खात होतं. तेवढ्यात उमाबाईंच्या कानांवर पाण्याचा आवाज पडला.

"अगं बाई, नळ कुणी उघडा टाकला? बंद करा की हो!"

अस्वल पळालं. आठही जण उमाबाईंकडे बघत राहिले.

"आजी, झरा हाय तो," वाटाड्यानं कपाळावर हात मारला. "रातदिस वाहतो."

"आन् कुणी भरून ठेवत न्हाई?"

लातूरहून निघताना उमाबाईंनी घरचा नळ उघडाच ठेवला होता, खाली घागर लावून. त्याला शेवटचं पाणी आलं होतं महाशिवरात्रीला.